काटा मध्यावर आणला, तरी फोटो का बिघडले? स्पॉटमॅटिकच्या स्टॉप-डाउन मीटरिंगबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक एसपी, त्यावर सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८, आत २०० आयएसओचा रंगीत निगेटिव्ह रोल. प्रत्येक वेळी लेन्सशेजारचं बटण वर ढकलून, व्ह्यूफाइंडरमधला काटा मध्यावर आणूनच शटर दाबलं. तरी ३६ पैकी निम्मे फोटो बिघडले. भर उन्हातले, एफ/११ आणि एफ/१६ वर काढलेले पांढरे फटफटीत आले आणि मागे आकाश किंवा खिडकी असलेले काळपट. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर गेला आहे का, मूळची १.३५ व्होल्टची बॅटरी मिळत नाही म्हणून असं होतंय का, आणि बटण वर केलं की सगळं अंधारतं तर फोकस करायचा कधी, असे तीन प्रश्न आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांनी आपण चष्मा वापरतो, हेही जाता जाता लिहिलंय. उत्तरात त्याचाही संबंध येणार आहे.

आधी एक दिलासा. मीटर बिघडला असता तर चूक बहुतेक एकाच दिशेने गेली असती, म्हणजे सगळे फोटो उजळ किंवा सगळे काळे. इथे चुका दोन आहेत आणि एकमेकींच्या उलट आहेत. त्यामुळे कारणंही दोन असणार. माझा अंदाज असा की मीटर ठीक आहे, उजळ फोटोंचा दोष लेन्सच्या पात्यांकडे (उजेडाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान-मोठं करणारी पाती; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) किंवा शटरकडे जातो, आणि काळपट फोटोंचा दोष मीटर कुठे पाहत होता याकडे. कॅमेरा हातात न घेता याहून ठामपणे सांगता येणार नाही, पण घरच्या घरी याची खातरजमा करता येते. ती कशी, ते पुढे येईलच.

स्टॉप-डाउन म्हणजे काय, ते एकदा नीट पाहू, कारण सगळ्या चुका तिथूनच समजतात. स्पॉटमॅटिकचं माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, एम४२ जातीचं: ४२ मिमी व्यासाचा, १ मिमी अंतराचा साधा आटा. लेन्स बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात दुवा एकच, लेन्सच्या मागची बारीक पिन. शटर दाबलं की कॅमेरा ती पिन आत ढकलतो आणि पाती तुम्ही लावलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. तुम्ही एफ/४ लावलंय की एफ/११, हे कॅमेऱ्याला कळायला काहीच मार्ग नाही. म्हणून १९६४ मध्ये बाजारात आलेल्या स्पॉटमॅटिकने सरळ उपाय केला: मोजतानाच पाती मिटवायची आणि त्या छिद्रातून जेवढा उजेड येईल तेवढा मोजायचा. प्राक्टिका सुपर टीएल, फुजिका एसटी७०१, झेनिट-टीटीएल आणि वेगळ्या माउंटचा कॅनन एफटी यांचाही मार्ग तोच. नंतरच्या कॅमेऱ्यांत लेन्स एका खुंटीने किंवा दांडीने ‘मी अमुक इतके स्टॉप मिटणार आहे’ असं आधीच सांगते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून तिथे पाती उघडी ठेवून मोजता येतं.

या पद्धतीतलं मीटरिंग फार प्रामाणिक असतं. लेन्सवर छापलेला आकडा खोटा असो, मध्ये एक्स्टेंशन ट्यूब (जवळचं टिपायला लेन्स पुढे नेणारी नळी) असो, काचेवर पिवळा फिल्टर असो, मीटर प्रत्यक्ष आलेला उजेडच मोजतो. पण तो बोलतो फक्त मोजण्याच्या क्षणाबद्दल. शटर उघडेल तेव्हा छिद्र तेवढंच असलं पाहिजे, आणि मोजताना मीटरवर पडलेला उजेड फक्त लेन्समधूनच आलेला असला पाहिजे. या दोन्ही अटी तुम्ही सांभाळायच्या असतात. कॅमेरा त्या सांभाळत नाही.

आता क्रम. फोकस नेहमी पाती उघडी असताना, म्हणजे बटण खाली असतानाच करायचा. याची दोन कारणं आहेत. एफ/१.८ वर पडदा उजळ असतो आणि फोकस जुळवायला असलेला मधला मायक्रोप्रिझमचा ठिपका स्पष्ट थरथरतो, तर एफ/११ वर तो ठिपका करडा आणि मुका होतो. दुसरं म्हणजे लहान छिद्रावर पुढचं-मागचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोकस थोडा चुकला तरी डोळ्याला कळत नाही, आणि मोठा प्रिंट केला की ती चूक दिसते. आता सुरुवातीपासून: आधी रोलची एएसए (आयएसओचंच जुनं नाव) तपासा. शटर स्पीडच्या चकतीची कड उचलून फिरवली की आकडा बदलतो, आणि कधी नकळतही बदललेला असतो. लेन्सवरची सरकपट्टी ‘ऑटो’वर आहे का पाहा. फोकस करा. मग डाव्या हाताच्या बोटाने बटण वर ढकला. पडदा अंधारेल आणि उजवीकडचा काटा हलेल. आता शटर स्पीड किंवा अ‍ॅपर्चर बदलून काटा मध्यावर आणा आणि शटर दाबा. शटर दाबल्यावर बटण आपोआप खाली येतं, पाती उघडतात आणि मीटर बंद होतो. फोटो काढायचा बेत बदललात तर बटण हाताने खाली करायला विसरू नका, नाहीतर बॅटरी नाहक संपते.

स्पीड बदलायचा की अ‍ॅपर्चर? विषय काय मागतो, त्यावर ते ठरतं. खोली महत्त्वाची असेल, म्हणजे पुढच्या फांदीपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल, तर अ‍ॅपर्चर ठरवून स्पीड फिरवा. हलणारं काही असेल तर १/२५० किंवा १/५०० ठरवून अ‍ॅपर्चर फिरवा. शेवटची बारीक जुळवणी मात्र दोन्ही बाबतींत अ‍ॅपर्चर रिंगनेच करायची. स्पीडची चकती ठरलेल्या खाचांवरच बसली पाहिजे, १/१२५ आणि १/२५० च्या मध्ये ठेवून उपयोग नाही. अ‍ॅपर्चर रिंग मात्र दोन आकड्यांमध्ये कुठेही चालते, आणि ती फिरवताना काटा सलग सरकताना दिसतो. उघड्या पात्यांवर मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या तुलनेत मला हे फार आवडतं. खोली किती मिळते आहे, हे काट्याबरोबरच पडद्यावरही दिसत असतं.

काटा मध्यापासून किती सरकला म्हणजे किती स्टॉप, हे एकदा शिकून घ्या. सारखा उजेड पडलेल्या भिंतीसमोर काटा मध्यावर आणा, मग स्पीड एक घर बदला आणि काटा किती सरकला ते डोळ्यात साठवा. एवढं कळलं की मुद्दाम एक स्टॉप जास्त द्यायचा असेल तेव्हा आकडेमोड लागत नाही, काटा तेवढा वर ठेवला की झालं.

आता तुमचे उजळ फोटो. मीटरवर शंका घेण्याआधी एक साधा पडताळा घ्या. स्वच्छ आकाश, सूर्य तुमच्या पाठीमागे, समोर उन्हात न्हालेली एखादी मध्यम रंगाची गोष्ट: अशा उन्हात एफ/१६ ला शटर स्पीड साधारण ‘१ भागिले आयएसओ’ असतो. २०० च्या रोलला एफ/१६ वर १/२५०, एफ/११ वर १/५००, एफ/८ वर १/१०००. पावसाळी, मळभ आलेल्या दिवशी हा नियम लावू नका. तुमचा मीटर अशा उन्हात एफ/१६ वर १/२५० च्या जवळपास येत असेल आणि तरीही निगेटिव्ह दाट, म्हणजे फोटो उजळ, येत असेल, तर मीटर निर्दोष आहे. त्याने आकडा बरोबर दिला, तो आकडा अंमलात आला नाही.

असं होण्याचं सगळ्यात वारंवार दिसणारं कारण म्हणजे पात्यांवर आलेलं तेल. लेन्सच्या फोकसिंगच्या आट्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांत पातळ होऊन पात्यांवर पसरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये तर हे हटकून सापडतं. तेलकट पाती मिटतात, पण सावकाश. तुम्ही बटण वर करून मोजता तेव्हा त्यांना मिटायला हवा तेवढा वेळ मिळतो, मीटर खरं एफ/१६ बघतो आणि बरोबर सांगतो. शटर दाबता तेव्हा मात्र आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत सेकंदाचा अगदी छोटा अंश मिळतो. तेवढ्यात पाती एफ/८ पर्यंतच पोचली, तर फिल्मवर चौपट उजेड पडला, म्हणजे दोन स्टॉप जास्त. एफ/२.८ ला पात्यांना फारसं हलावंच लागत नाही, म्हणून तिथे फोटो बरोबर येतात. तुमचे एफ/११ आणि एफ/१६ चेच फोटो फटफटीत आले, हे या निदानाशी तंतोतंत जुळतं. हा दोष स्टॉप-डाउन मीटरमध्ये कधीच दिसत नाही, म्हणून माणूस मीटरलाच दोष देत बसतो.

तपासणी सोपी आहे. लेन्स काढा, सरकपट्टी ‘ऑटो’वर, रिंग एफ/१६ वर. मागची पिन बोटाने झटकन दाबा आणि सोडा, पाचसहा वेळा. पाती डोळ्याची पापणी लवावी तशी टपकन मिटली आणि उघडली पाहिजेत. ती रेंगाळत असतील, किंवा तिरक्या उजेडात त्यांच्यावर चकचकीत डाग दिसत असतील, तर हेच कारण. कायमचा उपाय म्हणजे लेन्स उघडून पाती धुणं. ते काम लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. छिद्रातून पेट्रोल किंवा थिनर सोडायचा प्रकार अजिबात करू नका, तेल आणखी पसरतं आणि काचांवर जातं. तोपर्यंत एक युक्ती चालते: फोकस झाल्यावर सरकपट्टी ‘मॅन्युअल’वर करा. पाती लगेच मिटतात आणि शटर उघडेपर्यंत मिटलेलीच राहतात. मोजताना जे छिद्र तेच टिपताना, ही अट आपोआप पूर्ण होते.

दुसरं कारण शटर. कापडी पडद्यांचं इतकं जुनं शटर १/५०० आणि १/१००० ला सुस्तावणं अगदी स्वाभाविक आहे. भर उन्हात नेमके तेच स्पीड लागतात. पाती झटपट हलत असूनही उन्हातले फोटो उजळ येत असतील, किंवा फोटोची एक बाजू दुसरीपेक्षा गडद दिसत असेल, तर शटरची सफाई करून घ्यावी लागेल. तोवर १/२५० च्या वर जाऊ नका.

काळपट फोटोंकडे वळू. स्पॉटमॅटिक हे नाव दिशाभूल करतं. १९६० च्या फोटोकिना प्रदर्शनात मांडलेल्या नमुन्यात खरोखर स्पॉट मीटर होता, पण विक्रीला आलेल्या कॅमेऱ्यात तो राहिला नाही. व्ह्यूफाइंडरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना बसवलेले दोन कॅडमियम सल्फाइड सेल (उजेड ओळखणारे घटक) पूर्ण पडद्याची सरासरी घेतात. चौकटीचा अर्धा भाग आकाश असेल तर मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि त्याच्यासमोरचा माणूस काळा पडतो. खिडकीपुढे बसलेल्या आजीचा चेहराही तसाच जातो. उपाय जुनाच आहे पण खात्रीचा: कॅमेरा खाली झुकवा, आकाश चौकटीबाहेर घालवा, तेवढ्याच उजेडातली जमीन किंवा गवत भरून काटा मध्यावर आणा, मग बटण खाली करून पुन्हा चौकट जुळवा. आता बटण पुन्हा वर केलंत तर काटा वर गेलेला दिसेल. तो पुन्हा मध्यावर आणायचा मोह आवरा. नवखे लोक नेमकं तिथेच सगळं केलेलं वाया घालवतात. खिडकीपुढच्या माणसासाठी जवळ जा, चेहऱ्याने चौकट भरून मोजा, मागे या.

मीटर जे बघेल ते मध्यम करडं मानतो. पांढरं धोतर, मिठागर, चुनकळीची भिंत यांनी चौकट भरली असेल तर काट्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या. सह्याद्रीतला ओला काळा कातळ किंवा काळी म्हैस असेल तर एक स्टॉप कमी. तळहातावर मोजायची सवय बऱ्याच जणांना असते आणि ती चांगली आहे, पण तळहात किती उजळ हे माणसागणिक बदलतं. एकदा ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचा मोजणीचा पुठ्ठा) आणि तळहात एकाच उजेडात मोजून फरक लक्षात ठेवा, मग कार्ड घरी राहिलं तरी चालेल.

आता चष्मा. डोळा आणि व्ह्यूफाइंडरची काच यांच्यात फट राहिली की मागून उजेड आत शिरतो, प्रिझममधून परत फिरतो आणि सेलवर पडतो. कॅमेरा कुठलाही असो, हे थोडंफार होतंच. पण स्टॉप-डाउनमध्ये त्याची किंमत वाढते. एफ/१.८ वरून एफ/१६ वर गेलात की लेन्समधून येणारा उजेड सुमारे ८०पट कमी होतो, मागून घुसणारा मात्र तेवढाच राहतो. उघड्या पात्यांवर जो नगण्य होता तोच आता मोजणीत मोठा वाटा उचलतो. मीटर जास्त उजेड सांगतो आणि फोटो काळपट येतो. सूर्य पाठीमागून किंवा बाजूने तुमच्या चष्म्यावर येत असेल तेव्हा हे हमखास होतं. रबरी आयकप लावा, किंवा मोजताना डाव्या तळहाताने डोळ्याच्या कडेला आडोसा करा. आडोसा करून आणि न करून काटा किती हलतो, ते एकदा बघाच, पटेल. ट्रायपॉडवर कॅमेरा असेल आणि तुम्ही बाजूला उभे असाल तर व्ह्यूफाइंडरवर काळं कापड ठेवूनच मोजायचं. फोटो निघताना आरसा वर जाऊन वाट बंद करतो, त्यामुळे फिल्मला या उजेडाचा त्रास नसतो, त्रास फक्त मोजणीला आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या: तेलकट पाती फोटो उजळ करतात, मागचा उजेड फोटो काळे करतो. एकाच रोलमध्ये दोन्ही असू शकतात आणि काही फ्रेममध्ये एकमेकांना झाकूही शकतात. म्हणून लॅबच्या स्कॅनवरून निष्कर्ष काढू नका, स्कॅनर आपल्या मर्जीने उजळपणा सुधारतो. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून पाहा. सावलीच्या जागी तपशील नसून पारदर्शक असेल तर कमी एक्सपोजर, सगळीकडे दाट काळी असेल तर जास्त. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त सहज सोसते, कमी झालेलं सोसत नाही. मीटरबद्दल शंका असेपर्यंत २०० च्या रोलला चकती १०० वर ठेवलीत तरी काही बिघडणार नाही. स्लाइड फिल्म मात्र सगळं तपासून होईपर्यंत घालू नका.

बॅटरीचं. स्पॉटमॅटिकमध्ये मूळ १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी असायची, ती आता मिळत नाही. सुदैवाने या कॅमेऱ्याचं सर्किट ब्रिज पद्धतीचं आहे. तराजूसारखं समजा: दोन्ही पारड्यांतलं माप सारख्याच प्रमाणात वाढलं तर काटा मध्यावरच राहतो. व्होल्टेज १.३५ असो की १.५५, काटा मध्यावर येण्याची जागा बदलत नाही, म्हणून सिल्व्हर ऑक्साइडची एसआर४१ किंवा ३९२ निर्धास्त चालते. घड्याळाच्या दुकानात मिळते. तिचा व्यास ७.९ मिमी, मूळ बॅटरीपेक्षा बराच कमी, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग लावून ती मध्यावर बसवा, नाहीतर सरकून संपर्क तुटतो. एलआर४१ ही अल्कलाइनची बहीण स्वस्त असते, पण तिचं व्होल्टेज वापरात हळूहळू पडत जातं आणि काटा आळसावतो. थोड्या पैशांसाठी तो घोळ नको. मीटर चालू आहे हे पाहायला काटा नुसता मध्यावर दिसणं पुरेसं नाही: बटण वर करून लेन्स उजेडाकडे धरा, मग हाताने झाका. काटा ठळक हलला पाहिजे. हलत नसेल तर खालचं झाकण नाण्याने उघडून संपर्क पाहा. हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि कोरडं करा. आत मूळची पाऱ्याची बॅटरीच निघाली तर ती कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

हे भाग्य सगळ्या कॅमेऱ्यांचं नाही. कॅनन एफटीला १.३५ व्होल्टच हवेत. १.५५ दिले तर मीटरला उजेड जास्त वाटतो, फोटो काळपट येतात, आणि चूक सगळ्या उजेडात सारखी नसल्यामुळे एएसए बदलून ती पूर्ण भरून काढता येत नाही. तिथे कर्णयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी वापरा. ती सुमारे १.४ व्होल्ट स्थिर देते. व्यास ११.६ मिमी, त्यामुळे तिलाही रिंग लागते. चिकटपट्टी काढली की ती वापरा किंवा न वापरा, काही आठवड्यांत संपते, म्हणून पॅकेट जवळ ठेवा.

तुमच्याकडे किंवा मित्राकडे दुसरा कॅमेरा असेल तर हाच विचार चालतो, फक्त कळ वेगळी असते. कॅनन एफटीत सेल्फ-टायमरची दांडी लेन्सकडे ढकलली की पाती मिटतात आणि मीटर चालू होतो, आणि तो सरासरीऐवजी चौकटीच्या मधला १२ टक्के आयतच पाहतो. म्हणून तिथे आकाशाचा त्रास कमी, पण तो आयत नेमका कशावर ठेवलाय याला फार महत्त्व. प्राक्टिकाच्या एमटीएल मालिकेत शटरच्या बटणाशेजारची कळ दाबून धरायची. झेनिट १२एक्सपीत शटर अर्धं दाबलं की मीटर जागा होतो, दोन दिवे दिसतात, आणि दोन्ही लुकलुकले की एक्सपोजर बरोबर. हेलिओस ४४-२ सारखी प्रीसेट लेन्स असेल तर पिनच नसते: एका रिंगवर आकडा ठरवायचा, दुसऱ्या रिंगने पाती हाताने उघडायची आणि मिटवायची. मोजून झाल्यावर फोकस सुधारायला रिंग उघडली आणि मिटवायला विसरलात, की एफ/८ चा हिशेब एफ/२ वर गेला, चार स्टॉप जास्त. निकॉनच्या एफएम आणि एफईमध्ये १९७७ पूर्वीच्या, म्हणजे एआय (कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर कळवणारी रचना) नसलेल्या लेन्स लावायच्या तर माउंटजवळची छोटी खुंटी वर दुमडायची आणि डेप्थ ऑफ फील्डची दांडी दाबून मोजायचं.

अंधुक खोलीत एक वेगळी अडचण येते. कॅडमियम सल्फाइडचे सेल कमी उजेडात सुस्त होतात, काटा स्थिरावायला काही सेकंद घेतात. त्यात नुकतंच ऊन पाहिलेलं असेल तर त्याची आठवण काही काळ राहते आणि आकडा चुकतो. बाहेरून आत आल्यावर थोडा वेळ थांबा. आणि देवळाच्या गाभाऱ्यासारख्या जागी एफ/८ वर मोजायचा हट्ट सोडा: एफ/२.८ वर मोजा आणि तिथून एकेक स्टॉप पुढे मोजत जा. एफ/२.८ ला १/६० आलं, तर एफ/४ ला १/३०, एफ/५.६ ला १/१५, एफ/८ ला १/८. मग ट्रायपॉड.

याउलट जवळचं काम करणाऱ्यांनी या पद्धतीचं सोनं करावं. ट्यूब किंवा बेलोज (भात्यासारखी लांबणारी नळी) लावून फूल प्रत्यक्षाएवढं टिपताना दोन स्टॉप उजेड वाटेतच जातो. हातातल्या मीटरने त्याचा हिशेब करावा लागतो, इथे काटा तो आधीच धरून बसलेला असतो. फिल्टरचंही बहुतेक तसंच. पिवळा फिल्टर लावून थेट मोजा. लालला मात्र अपवाद करा, कारण हे सेल लाल उजेडाला डोळ्यापेक्षा जास्त भुलतात. लाल फिल्टर काढून मोजा आणि तीन स्टॉप वाढवा.

शेवटी, ही सगळी कारणं वेगळी काढण्यासाठी एक रोल खर्ची घाला, १२ फ्रेम पुरतात. ट्रायपॉड, सावलीतली सारखा उजेड पडलेली भिंत, व्ह्यूफाइंडरवर कापड. काटा मध्यावर आणत ‘ऑटो’वर एफ/२.८, ४, ५.६, ८, ११ आणि १६ अशा सहा फ्रेम घ्या, प्रत्येक वेळी स्पीड एक घर खाली: १/१००० पासून १/३० पर्यंत, उजेडाप्रमाणे पुढेमागे. काटा प्रत्येक जोडीला जवळपास मध्यावर आला, तर मीटरची चाल सरळ आहे. मग तेच सहा आकडे लेन्स ‘मॅन्युअल’वर ठेवून पुन्हा. क्रम वहीत लिहा आणि धुवून आलेली निगेटिव्ह न कापता मागा. ‘ऑटो’च्या एफ/११ आणि एफ/१६ च्या फ्रेम ‘मॅन्युअल’पेक्षा दाट असतील तर पाती धुवायला द्या. ‘मॅन्युअल’च्या फ्रेममध्येही १/१००० आणि १/५०० ची बाकीच्यांपेक्षा दाट असेल तर शटर. बाराही सारख्या आल्या, तर लेन्स आणि कॅमेरा दोन्ही ठणठणीत आहेत. मग पुढच्या रोलला आयकप लावा आणि मोजताना कॅमेरा जमिनीकडे झुकवा.